चित्र भारी, पण आवाज कुठे गेला?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई देवी बसते. रोट होतात, बायका गाणी म्हणतात, आणि आता घरातलं कोणीतरी मोबाईल धरून शूटिंग करतं. संध्याकाळी तो व्हिडिओ गावाकडे जातो आणि थोड्या वेळात अमळनेर-शिरपूरकडून विचारणा येते : "चित्र भारी शे भो, पन आवाज कथा गया?"

या प्रकरणाचा विषय हाच प्रश्न आहे. मोबाईलवर चित्र इतकं स्वच्छ येतं, मग आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो? माईक नवा घ्यावा का? घेतला तरी खरखर का जात नाही? ओठ आणि शब्द मागेपुढे का होतात? एडिटिंग करताना मोबाईल किंवा लॅपटॉप का अडखळतो?

हे प्रश्न मी सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्यात बसून सोडवणार आहे, कारण याहून अवघड जागा सापडणं कठीण. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याकडून येणारा महामार्ग या तालुक्यात एकमेकांना भेटतात. कडोदरा, जोळवा, तांतीथैया या पट्ट्यात कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्या आहेत. चलथाण, गंगाधरा या स्टेशनांवरून भुसावळकडे जाणारी रेल्वे धावते. धुळे, नंदुरबार, जळगावातली माणसं याच वाटांनी सुरतेच्या परिसरात आली आणि येताना आपली अहिराणी गाणी घेऊन आली. समजा, इथल्या एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला आईच्या तोंडची गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. वर सिमेंटचे पत्रे, खाली फरशी, डोक्यावर पंखा, बाहेर ट्रक. हातात एक मोबाईल, आणि खर्चाला फार तर दीड-दोन हजार. ज्या युक्त्या इथे चालतील त्या कुठेही चालतील.

१. कान निवडतो, माईक निवडत नाही

लग्नाच्या मांडवात बँड वाजतोय, भांडी आदळतायत, तरी शेजारी बसलेल्या मावशीचं बोलणं आपल्याला कळतं. दोन कान मिळून आवाज कुठल्या दिशेने आला हे मेंदूला सांगतात. मेंदू मावशीचा आवाज उचलतो आणि बाकीचा मागे ढकलतो. घरातला पंखा तर तो दिवसभर ऐकूच देत नाही. बंद झाला की मगच कळतं, एवढा वेळ तो आवाज करत होता.

मोबाईलच्या माईकमागे असा मेंदू नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचेल ते सगळं तो सारख्याच इमानाने टिपतो. फोनमधली प्रणाली गोंगाट कमी करायचा प्रयत्न करते, पण ती फोनवरच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. गाणं लागलं की तिचा गोंधळ होतो. लांबवलेला स्वर तिला पंख्यासारखाच सलग वाटतो आणि ती तोच कापायला लागते. गाण्याचा आवाज मध्येच दबतो आणि पुन्हा वर येतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

म्हणून पहिली सवय अशी : शूटिंगआधी डोळे मिटून एक मिनिट नुसतं ऐकायचं. पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, मोरीतला नळ. मग दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकायचं. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दचकतो. आपण रोज एवढ्या आवाजात राहतो, हे त्याला तेव्हाच उमगतं.

२. वीतभर अंतराचा हिशेब

माझ्या मते ध्वनिमुद्रणातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ एकाच गोष्टीत असतं, ते म्हणजे तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर. माईक स्वस्त की महाग, हा प्रश्न त्यानंतरचा. त्यामुळे इथे थोडं सावकाश जाऊ.

आवाज तोंडातून निघतो आणि चहूकडे पसरतो. पुढे जाईल तसा तो अधिकाधिक जागेत वाटला जातो आणि पातळ होतो. अंतर दुप्पट झालं की माईकला मिळणारा दाब निम्मा होतो. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचं माप आहे. त्या मापात ही घट ६ डेसिबल भरते. अंतर निम्मं केलं तर उलट होतं आणि दाब दुप्पट मिळतो.

आता आपल्या खोलीतला हिशेब. आई पाटावर बसली आहे आणि मोबाईल ४ फुटांवर आहे. तिथे आईचा आवाज आणि पंख्याची घरघर सारखीच नोंदते असं धरू. म्हणजे प्रमाण एकास एक. माईक २ फुटांवर आणला की आईचा आवाज दुप्पट, १ फुटावर चौपट, अर्ध्या फुटावर आठपट. पंखा मात्र छताला होता तिथेच आहे, त्याची घरघर जवळपास तेवढीच राहिली. आता प्रमाण आठास एक. एवढी स्वच्छता आली आणि रुपयाही गेला नाही.

अडचण इतकीच की अर्ध्या फुटावर मोबाईल धरला तर चित्रात आईचं नाक तेवढं दिसेल. चित्र लांबून घ्यायचंय आणि आवाज जवळून. त्यासाठी ही दोन कामं वेगळी करावी लागतात आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे घरातला दुसरा मोबाईल. काच तडकलेला, बॅटरी दमलेला, कसाही चालेल. त्यात आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप सुरू करा, फोन विमान मोडवर टाका आणि चित्रात दिसणार नाही असा आईच्या जवळ ठेवा. पदराखाली, मांडीवर, पूजेच्या ताटामागे. माईकचं भोक फोनच्या खालच्या कडेला असतं, ती कड तोंडाकडे असू द्या. हा आवाज नंतर चित्राला जोडायचा. तो कसा, ते सातव्या भागात येईल.

दुसरा मार्ग म्हणजे वायरचा कॉलर माईक. हजार रुपयांच्या आसपास तो मिळतो आणि पहिला खर्च करायचाच असेल तर मी यावर करायला सांगेन. हनुवटीपासून वीतभर खाली, कपड्याच्या बाहेरच्या बाजूला लावायचा. मंगळसूत्र किंवा माळ त्याला घासत नाही ना, ते आधी बघायचं. ती खरखर नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. वायरचं एक वेटोळं करून क्लिपमध्ये अडकवलं की वायर ओढली गेल्याचे धक्के माईकपर्यंत येत नाहीत.

तिसरा मार्ग वायरलेस माईकचा. सोयीचा खरा, पण अगदी स्वस्तातला घेतला तर आवाज मध्येच तुटण्याची भीती असते. एकाच जागी बसून गाणाऱ्या माणसासाठी त्याची गरजही नाही.

जवळ आणताना एक पथ्य पाळायचं. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माईकवर 'भप्प' असा आदळतो. माईक थेट समोर न धरता गालाच्या रेषेत, जरा तिरपा ठेवला की झोत बाजूने निघून जातो. आवाजाची पातळी ठरवता येत असेल तर सगळ्यात मोठा सूरही वरच्या रेषेच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील अशी ठेवा. बारीक आलेला आवाज वाढवता येतो. रेषेला धडकून फाटलेला आवाज मात्र ओट्यावर सांडलेल्या दुधासारखा असतो, पुसता येतो पण परत भांड्यात भरता येत नाही.

३. खोली घुमते म्हणजे काय होतं

माईक जवळ आणूनही आवाज मोरीत बोलल्यासारखा आला, तर कारण खोलीत असतं. फरशी, भिंती, पत्रे या कडक वस्तूंवर आवाज आपटून परत येतो. माईकला आधी सरळ आलेला शब्द मिळतो, आणि लगेच मागोमाग त्याच शब्दाच्या पाचपन्नास फिकट प्रती. त्या एकमेकींवर चढल्या की आवाज घुमतो.

इलाज म्हणजे आवाज पिऊन टाकणारं काहीतरी. इथे सुरतेत राहणाऱ्याला वाटेल, कापडाला काय तोटा! पण पॉलिएस्टरची पातळ साडी भिंतीला लावून जवळजवळ काहीच साधत नाही. आवाज शोषायला जाड आणि सच्छिद्र वस्तू लागते, जिच्या धाग्यांमधल्या हवेत आवाजाची हालचाल घासून थकेल. खानदेशात दर घरी असणारी गोधडी या कामाला उत्तम. जुन्या लुगड्यांचे थरावर थर, हाताने टाके घातलेले. दोन गोधड्या गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर टाका. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं ते वीतभर पुढे लटकवा. भिंतीला अगदी लागून हवेची हालचाल जवळपास थांबलेली असते. थोडं पुढे ती जोरात असते, म्हणून तिथे लटकलेली गोधडी जास्त काम करते. खाली सतरंजी, आणि कपड्यांचं कपाट असेल तर त्याची दारं सताड उघडी.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला बऱ्याच लोकांनी ऐकलेला असतो. तो सोडून द्या. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही आणि वर आग पकडायचा धोका.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. गोधडी घुमणं थांबवते, बाहेरचा ट्रक थांबवत नाही. खोलीतला आवाज शोषणं आणि बाहेरचा अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, भक्कम दार, बुजवलेल्या फटी. पत्र्याच्या खोलीत ते जमणार नाही. मग काय करायचं? जे १९३१ साली मुंबईत केलं गेलं, ते.

४. रात्री एकचं शूटिंग

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा'. अर्देशीर इराणींनी तो तयार केला आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. गाड्यांचा धडधडाट टाळण्यासाठी बरंचसं चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर, साधारण एक ते चारच्या दरम्यान केलं गेलं. नटांचा आवाज जवळून मिळावा म्हणून माईक दृश्यातच लपवून ठेवत. म्हणजे जवळचा माईक आणि शांत वेळ. आपल्या पहिल्या बोलपटाने वापरलेली ही दोन्ही हत्यारं आज फुकटात आपल्याही हाताशी आहेत.

रंगाईच्या गिरण्या रात्रंदिवस चालतात, महामार्ग तर झोपतच नाही. तरी दिवसभरात काही वेळा कमी वाईट असतात. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी, पहाटे पाचला, दुपारी दोनला, रात्री अकराला, एकेक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. आपल्या खोलीची शांत वेळ कोणती हे वही-पेन्सिलीने ठरवा. त्या वेळी पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, नळ घट्ट. फ्रिज परत चालू करायचं लक्षात राहावं म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे ती उचलताना आपोआप आठवतं.

एवढं करून उरलेला गोंगाट एडिटिंगमध्ये थोडा कमी करता येतो. त्यासाठी गाणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी दहा सेकंद गप्प बसायचं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. हा झाला खोलीचा नुसता आवाज. ऑडॅसिटी हे आवाज संपादित करायचं फुकट सॉफ्टवेअर २००० सालापासून लोकांच्या हाती आहे. त्याला हा दहा सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून दाखवायचा आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमधून तशी घरघर कमी करायला सांगायचं. सॉफ्टवेअर आवाजाचे जाडे-बारीक पट्टे वेगळे करतं आणि ज्या पट्ट्यात नमुन्यापुरताच आवाज आहे तिथे पातळी उतरवतं. लोभ मात्र आवरायचा. ६ ते ९ डेसिबल उतरवलं तर कान सुखावतो. २०-२५ उतरवलं की आईचा आवाज पाण्याखालून यायला लागतो. मला थोडी घरघर असलेला जिवंत आवाज त्याहून कितीतरी बरा वाटतो.

ट्रक आणि यंत्रांची घुमघुम बहुतेक खर्जात असते. बाईच्या गाण्याचे सूर त्याच्या बरेच वर असतात. म्हणून ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापणारी चाळणी आधी लावली तर गाण्याला धक्का न लागता बराच गाळ निघतो. हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. ढोल असेल तर ही चाळणी जपून, कारण ढोलाचा दम तिथेच असतो.

५. पिनेवरच्या काळ्या रेघा

माईक आणला, लावला, शूटिंग केलं, आणि घरी ऐकताना कळलं की आवाज माईकचा नाहीच, मोबाईलच्याच माईकने घेतलाय. ही फसगत अतिशय नेहमीची आहे. कारण पिनेवर असतं.

३.५ मिलिमीटरची पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. दोन असतील तर पिनेचे भाग तीन, आणि तीन असतील तर चार. मोबाईलला चार भागांची पिन लागते : डावा कान, उजवा कान, सामायिक जोडणी आणि माईक. दोन रेघांचा कॅमेऱ्याचा माईक मोबाईलमध्ये खोचला तर मोबाईलला माईक सापडतच नाही आणि तो गुपचूप आपला माईक वापरतो. पडद्यावर काहीच सूचना येत नाही. दोन रेघांवरून तीन रेघांवर नेणारी जोडपिन मिळते, तीही स्वस्तात.

काही कॉलर माईकांच्या डबीवर मोबाईल आणि कॅमेरा असं बटण असतं. आत बटणाएवढा सेल असतो, तो कॅमेऱ्यासाठी. बटण चुकीच्या बाजूला राहिलं तर आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो. नव्या फोनला ही गोल पिनच नसेल तर टाइप-सी जोडणी लागते, आणि तिथे घेण्याआधी दुकानातच तपासा. काही जोडण्या नुसत्या तारा जोडतात, काहींमध्ये आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारी चिप असते. बऱ्याच फोनना चिपवालीच चालते.

खात्री करायची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग चालू करून माईकवर नखाने हलकं टकटक करा, मग फोनच्या खालच्या कडेवर करा. ऐकताना जी टकटक मोठी, तो माईक चालू.

ब्लूटूथ इयरफोनने रेकॉर्डिंग करू नका. गाणं ऐकवताना तो छान वाटतो, पण त्याचा माईक सुरू झाला की जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जाते आणि आवाजाचे बारीक वरचे कण गळून पडतात. वायरच्या जुन्या इयरफोनचा माईक बहुतेक वेळा त्याहून चांगला निघतो.

लॅपटॉपला माईक लावल्यावर एकसुरी गुणगुण येत असेल तर आधी चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली म्हणजे ती विजेच्या तारांतून येत होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, तीच लय आवाजात झिरपते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा, माईकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, आणि मुद्रणापुरतं बॅटरीवर काम करा. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर कदापि ऐकू नका. शॉक लागण्यापासून वाचवणारी पिन तीच आहे.

६. पडद्यावर सरकणारे पट्टे

ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली शूटिंग केलं की चित्रात उजेडाचे पट्टे वरखाली सरकतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो. म्हणजे सेकंदाला १०० उचक्या. डोळ्याला त्या जाणवत नाहीत, कॅमेऱ्याला जाणवतात.

कॅमेऱ्याची झडप प्रत्येक चित्रासाठी किती वेळ उघडते, हे फोनच्या प्रो मोडमध्ये ठरवता येतं. ती १/५० सेकंद ठेवली तर प्रत्येक चित्राला बरोबर २ उचक्यांचा उजेड मिळतो, १/१०० ठेवली तर बरोबर १. सगळ्यांना सारखं वाढलं की पंगत तक्रार करत नाही. १/६० ठेवली तर वाट्याला दीड-पावणेदोन उचक्या येतात, कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि तो फरक पट्टा बनून दिसतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, तिथल्या भावाने पाठवलेल्या व्हिडिओत १/६० वर पट्टे येत नाहीत ते याच कारणाने.

७. ओठ पुढे, शब्द मागे

आता तो बाजूला ठेवलेला दुसरा मोबाईल. दोन्ही फोन चालू केल्यावर चित्रात दिसेल अशी एक जोरदार टाळी वाजवा. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी. एडिटिंगमध्ये आवाजाची आकृती दिसते, तिच्यात टाळीचा काटा उंच उभा असतो. दोन्ही काटे एका रेषेत आणले की काम झालं. चित्र घेणाऱ्या मोबाईलचा आवाज मग बंद करायचा. केडेनलाइव्ह या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज जुळवून देण्याची सोयही आहे.

टाळी गाणाऱ्याजवळ वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ चित्रं घेतली तर एका चित्राला ४० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात आवाज साडेतेरा मीटर, म्हणजे सुमारे ४५ फूट जातो. मांडवाच्या टोकाशी, ९० फुटांवरून ऑर्केस्ट्राचं शूटिंग केलं तर त्या मोबाईलवर आवाज २ चित्रांनी उशिरा आलेला असणारच.

सुरुवातीला जुळलेलं, पण तासाभराने पुन्हा सुटलं, असंही होतं. कारण दोन असू शकतात. एक म्हणजे दोन फोनांची घड्याळं. दोन्हींत दशलक्षात ५० भागांचा फरक असेल तर तासाच्या ३,६०० सेकंदांत ०.१८ सेकंदांची चूक साचते. साडेचार चित्रं. ओठांकडे बघणाऱ्याला ती खटकते. दर गाण्याआधी नवी टाळी वाजवली की चूक साचायला वेळच मिळत नाही.

दुसरं कारण अधिक छुपं आहे. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की मोबाईल चित्रं घेण्याचा वेग बदलतो, कधी ३०, कधी २७, कधी २४. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र वेग कायम आहे असं धरून चालतं आणि घसरण सुरू होते. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप आधी कायम वेगात बदलून घ्यावी आणि मगच कात्री लावावी. वेळ जातो, पण नंतरची रात्र वाचते.

८. अडखळणारं एडिटिंग

स्वस्तात सिनेमा करण्याचं खरं विद्यापीठ आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'ची गोष्ट फैजा अहमद खान यांनी २००८च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपली आहे. त्यात कॅमेरा सरकवायला सायकल आहे, उंच न्यायला बैलगाडी आहे, आणि सुपरमॅन झालेले शफीक शेख स्वतः यंत्रमाग कामगार होते. मला त्या माहितीपटातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या माणसांना क्रेन हवी होती असं नाही, कॅमेरा वर जायला हवा होता. काय हवंय ते नेमकं कळलं की बैलगाडी दिसते.

एडिटिंगमधली बैलगाडी म्हणजे हलकी प्रत. ती का लागते ते पाहू. मोबाईल सगळी चित्रं पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहितो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. महिन्याच्या सुरुवातीला बाकी लिहिलेली, मग रोजची देवघेव. १७ तारखेची बाकी किती, असं विचारलं तर दुकानदाराला एक तारखेपासून बेरीज करत यावं लागतं. तुम्ही टाइमलाइनवर बोट इकडून तिकडे फिरवता तेव्हा लॅपटॉप हीच बेरीज सेकंदाला अनेकदा करत असतो. दमणारच.

शिंपी भारी कापडावर थेट कात्री चालवत नाही, आधी कागदावर बेतून घेतो. केडेनलाइव्ह, दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, यांमध्ये हलकी प्रत बनवायची सोय असते. लहान आकाराची, उलगडायला सोपी. कापाकापी सगळी त्या प्रतीवर होते, आणि शेवटचा व्हिडिओ काढताना सॉफ्टवेअर तेच काप मूळ क्लिपवर लावतं. जुना लॅपटॉपही मग नीट चालतो.

जागेचा हिशेबही आधीच करा. साध्या एचडीत सेकंदाला साधारण १७ मेगाबिट धरले, तर ८ने भागून २ मेगाबाइटच्या वर, मिनिटाला सुमारे १२८, तासाला साडेसात जीबी. फोर-के ५० मेगाबिटने घेतलं तर तासाला साडेबावीस. गावाकडे मोबाईलवरच बघणार असतील तर फोर-केचा हट्ट मला पटत नाही. आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत झाल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसू नका. गाणं पुन्हा म्हणवून घेता येतं, पण ८० वर्षांची आई दरवर्षी पुन्हा तेच गाणं म्हणेल असं धरून चालता येत नाही.

९. शेवटचा कान

आवाज ठरवणारा कान कोणाचा, हा प्रश्न पलसाण्यासारख्या ठिकाणी मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्रमागांच्या खोलीतला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांच्या नियमांत धरलेली मर्यादाही ९०ची आहे. वर्षानुवर्षं अशा आवाजात काम केलं की श्रवणशक्ती आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास झिजते. 'स', 'श', 'त', 'फ' या अक्षरांची धार बरीचशी वरच्या पट्ट्यात असते. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द नीट उमजत नाहीत. दोष हळूहळू येतो, म्हणून त्याचा त्याला पत्ताही नसतो. असा माणूस स्वतः एडिटिंग करायला बसला तर नकळत वरचे स्वर इतके वाढवतो की इतरांच्या कानाला टोचतात. म्हणून मुलाला किंवा सुनेला जवळ बसवा, त्यांचं ऐका. आणि मागावर जाताना कानात बोळे घाला, त्यांची किंमत काही रुपयांत असते.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबून लहान केला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून टाकला तर आहे तसा पोहोचतो, २ जीबीपर्यंत.

त्याआधी घरातला सगळ्यात स्वस्त फोन घ्या. पंखा पुन्हा चालू करा, फोन हातभर लांब धरा आणि हेडफोन न लावता गाणं ऐका. छोट्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज येणारच नाही, त्याची चिंता नको. आईचे शब्द कळतायत का, एवढंच बघा. एखादी ओळ पंख्यात बुडत असेल तर तेवढीच ओळ दोन-तीन डेसिबल वर करा आणि पुन्हा ऐका. अमळनेरची आत्याही ते गाणं असंच ऐकणार आहे, ओसरीवर बसून, हातात असाच एक फोन धरून.